ब्लॅक बुकमध्ये नसलेले पान : संगणक विषयाचे पदवी प्रकल्प आणि मॉड्यूल-अवलंबनाची नोंद
विशेष संदर्भ : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर

सारांश

मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत माहिती तंत्रज्ञान व संगणकशास्त्र या विषयांच्या पदवी प्रकल्पाचे मूल्यमापन प्रामुख्याने दोन गोष्टींवर होते : परीक्षकासमोर चालवून दाखवलेले सॉफ्टवेअर आणि ‘ब्लॅक बुक’ या नावाने ओळखला जाणारा बांधीव अहवाल. ज्या बाह्य मॉड्यूलांच्या आधारावर प्रकल्प उभा असतो, त्यांची नेमकी नोंद या दोहोंत सहसा आढळत नाही. ही उणीव तांत्रिक असली तरी तिचे मूळ मूल्यमापनाच्या कल्पनेत आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. प्रकल्प चालतो का, यापेक्षा तो दुसऱ्याला नव्याने उभारता येतो का, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे.

बीजशब्द : मॉड्यूल, अवलंबन, आवृत्ती, लॉक फाइल, पदवी प्रकल्प, मूल्यमापन

१. प्रस्तावना

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांतील महाविद्यालयांत गेल्या दोन-अडीच दशकांत संगणकविषयक पदवी अभ्यासक्रमांचा मोठा विस्तार झाला. या महाविद्यालयांतून बाहेर पडणारा विद्यार्थी नोकरीसाठी वागळे इस्टेट, ऐरोली किंवा पवई येथील कंपन्यांकडे वळतो. ठाणे-वाशी रेल्वेमार्ग २००४ साली सुरू झाल्यानंतर ठाणे-बेलापूर पट्टा त्याच्या अधिक आवाक्यात आला. अशा कंपनीत नव्या माणसाला आरंभीच सोपवले जाणारे काम बहुधा नवे लिहिण्याचे नसते. आधीपासून अस्तित्वात असलेला प्रकल्प स्वतःच्या यंत्रावर उभा करणे, हे ते काम असते. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात हे काम त्याने कितीदा केलेले असते, या प्रश्नापासून प्रस्तुत विवेचनाला आरंभ होतो.

येथे मांडलेली टीका कोणत्याही एका महाविद्यालयावर नाही. ब्लॅक बुकची परंपरा विद्यापीठाच्या संपूर्ण क्षेत्रात रुजलेली आहे आणि तिचे गुणदोषही सामायिक आहेत.

२. अवलंबन म्हणजे काय?

आजचे कोणतेही सॉफ्टवेअर सर्वस्वी एका माणसाने लिहिलेले नसते. विद्यार्थ्याने लिहिलेल्या हजारभर ओळींमागे इतरांनी लिहिलेल्या लक्षावधी ओळी उभ्या असतात. माहितीकोशाशी संपर्क साधणे, तारखांचे गणित करणे, आलेख काढणे अशा कामांसाठी तयार मॉड्यूल घेतली जातात. ही मॉड्यूल स्वतः आणखी काही मॉड्यूलांवर विसंबून असतात. या नात्याला संगणकाच्या परिभाषेत ‘डिपेंडन्सी’ म्हणतात. मराठीत त्यास ‘अवलंबन’ म्हणता येईल.

भाषा व समाजशास्त्रांच्या प्राध्यापकांना या प्रश्नाचा अनुभव वेगळ्या मार्गाने आलेला आहे. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी श्री-लिपी किंवा आकृतीसारख्या प्रणालीत टंकलिखित केलेला मराठी लेख दुसऱ्या संगणकावर उघडला, की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. लेखात दोष नसे आणि संगणकातही नसे. लेख ज्या फॉन्टवर अवलंबून होता, तो फॉन्ट लेखाबरोबर प्रवास करीत नसे. ज्या यंत्रावर लेख तयार झाला तेथे हे अवलंबन अदृश्य होते. यंत्र बदलताच ते प्रकट झाले. सॉफ्टवेअरमधील अवलंबनाचा स्वभाव नेमका असाच आहे.

येथे आवृत्तीचा प्रश्न येऊन मिळतो. मॉड्यूल उपलब्ध असणे पुरेसे नसते, ते योग्य आवृत्तीचे असावे लागते. या परिसरातील प्रवाशांच्या परिचयाचा दाखला रेल्वेचा आहे. मुंबईत १९२५ साली सुरू झालेली विद्युत रेल्वे १,५०० व्होल्ट डी.सी. प्रवाहावर चालत असे. पुढे मध्य रेल्वेचा मुख्य उपनगरी मार्ग टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट ए.सी. प्रवाहावर नेण्यात आला. मुख्य मार्गावरील हे काम जून २०१५ मध्ये पूर्ण झाले. मधल्या काळात काही भागात एक प्रवाह आणि पुढील भागात दुसरा, अशी स्थिती होती. दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या त्यासाठी मुद्दाम वापरात आणाव्या लागल्या. केवळ डी.सी.वर चालणारी गाडी ए.सी. तारेखाली नेता येत नाही, हे रेल्वेच्या नियोजनात लिहून ठेवलेले होते. पदवी प्रकल्पात अशा लेखी नोंदीचाच अभाव आढळतो.

३. ब्लॅक बुक : एका लेखनप्रकाराचे परीक्षण

ब्लॅक बुकची मांडणी सर्वपरिचित आहे. काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरे, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, प्रस्तावना, व्यवहार्यता अभ्यास, आकृत्या, पडद्यांची छायाचित्रे, मूळ आज्ञावली, चाचण्यांची कोष्टके, निष्कर्ष आणि शेवटी संदर्भसूची. या मांडणीचे काही गुण मान्य केले पाहिजेत. विद्यार्थ्याला सलग लेखन करावे लागते, समस्येची व्याख्या करावी लागते आणि कामाची अवस्थावार आखणी मांडावी लागते. भाषिक अभिव्यक्तीचा सराव कमी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी हे मूल्य लहान नाही.

तथापि या अहवालातील ‘सॉफ्टवेअर व हार्डवेअर आवश्यकता’ हे प्रकरण बारकाईने वाचण्यासारखे असते. त्यात कार्यकारी प्रणालीचे नाव असते, स्मरणशक्ती किती जी.बी. हवी ते असते, माहितीकोशाचे नाव असते. बहुतेक वेळा हे पान एका अहवालातून दुसऱ्या अहवालात जसेच्या तसे उतरते. प्रकल्पाने प्रत्यक्षात कोणती मॉड्यूल घेतली, त्यांच्या आवृत्त्या कोणत्या, ती कोठून मिळवली आणि कोणत्या क्रमाने बसवावीत, याचा उल्लेख त्यात नसतो. परिणामी हे प्रकरण आवश्यकतांचे असूनही त्याच्या आधारे प्रकल्प उभा करता येत नाही.

याहून लक्षणीय विसंगती संदर्भसूचीत आहे. विद्यार्थ्याने चाळलेल्या पाठ्यपुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक आणि आवृत्ती सूचीत येते. भेट दिलेल्या संकेतस्थळांची नावेही येतात. परंतु ज्या मॉड्यूलाचा कोड प्रकल्पात प्रत्यक्ष धावतो आहे, त्याचा कर्ता, आवृत्ती आणि परवाना यांचा निर्देश नसतो. म्हणजे वाचलेल्या पुस्तकाचे ऋण मान्य होते आणि वापरलेल्या श्रमाचे ऋण अनुल्लेखित राहते. इतिहासाच्या प्रबंधात एखादे विधान कोणत्या साधनावर आधारलेले आहे हे न सांगणे हा दोष मानला जातो. दुसऱ्या अभ्यासकाला ते साधन पाहून विधान तपासता यावे, हे त्यामागील तत्त्व आहे. अवलंबनाची नोंद हे सॉफ्टवेअरमधील तळटिपेचेच रूप आहे. तळटिपांशिवाय प्रबंध स्वीकारला जात नाही. मात्र अवलंबनाच्या नोंदीशिवाय प्रकल्प स्वीकारला जातो.

४. विकासाचे यंत्र आणि वापराचे यंत्र

या उणिवेचे परिणाम नवे नाहीत. प्रत्येक पिढीतील विद्यार्थ्यांनी ते वेगळ्या नावाने भोगले आहेत.

टर्बो सी वर ग्राफिक्सची प्रात्यक्षिके करताना बी.जी.आय. या फोल्डरचा मार्ग आज्ञावलीतच लिहावा लागे. प्रयोगशाळेत टर्बो सी वेगळ्या ठिकाणी बसवलेले असल्यास अचूक लिहिलेले प्रात्यक्षिकही चित्र काढण्यास नकार देई. व्हिज्युअल बेसिक ६ च्या काळात फॉर्मवरील एखादे नियंत्रण ओ.सी.एक्स. फाइलवर अवलंबून असे. ती फाइल विंडोजमध्ये नोंदवलेली नसली की प्रकल्प उघडतानाच त्रुटी येई. जावाच्या प्रात्यक्षिकांत मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसशी जोडणी करण्यासाठी वापरला जाणारा जे.डी.बी.सी.-ओ.डी.बी.सी. सेतू २०१४ साली आलेल्या जावा ८ मधून काढून टाकण्यात आला. पी.एच.पी.तील ‘मायएस्क्यूएल कनेक्ट’ आणि त्याच कुळातील जुनी फलने डिसेंबर २०१५ मधील पी.एच.पी. ७ मध्ये नाहीशी झाली. त्यांवर उभारलेले प्रकल्प नव्या आवृत्तीवर पहिल्याच पानाला थांबतात.

या चारही उदाहरणांत विद्यार्थ्याचे तर्कशास्त्र चुकलेले नाही. प्रकल्प जेथे तयार झाला ते यंत्र आणि जेथे चालवायचा ते यंत्र, यांच्यातील फरक कोठे लिहिलेला नव्हता, इतकेच. ‘माझ्या मशीनवर तर चालत होता’ हे व्हायव्हाच्या दिवशी ऐकू येणारे वाक्य खोटे नसते. ते अपुरे असते. त्या यंत्रावर नेमके काय होते, हे सांगणारे पुढचे वाक्य त्यात नसते.

यात एक सामाजिक बाजूही आहे. स्वतःचा लॅपटॉप असलेला विद्यार्थी आपले संपूर्ण वातावरण बरोबर घेऊन येतो. नोंद असो वा नसो, त्याचा प्रकल्प चालतो. ज्याच्याकडे लॅपटॉप नाही, जो महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि एका पेन ड्राइव्हवर आपले काम नेतो-आणतो, त्याचा प्रकल्प दर वेळी दुसऱ्या यंत्रावर पडताळला जातो. तोच विद्यार्थी व्हायव्हाच्या वेळी अडचणीत येण्याची शक्यता अधिक. म्हणजे मूल्यमापनाची सध्याची रीत कौशल्याबरोबर नकळत मालकीही मोजते. अवलंबनाच्या नोंदीचे शिक्षण हा म्हणूनच समन्यायाचाही प्रश्न ठरतो.

५. नोंदीची साधने आणि त्यांच्या मर्यादा

अवलंबनाची नोंद ठेवण्याची साधने आज बहुतेक भाषांत विनामूल्य उपलब्ध आहेत. पायथनमध्ये प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र आभासी वातावरण निर्माण करता येते. ही सोय २०१२ सालच्या ३.३ आवृत्तीपासून भाषेतच अंतर्भूत आहे. जावासाठी मेव्हन, पी.एच.पी.साठी कम्पोझर आणि जावास्क्रिप्टसाठी एन.पी.एम. ही साधने रूढ आहेत.

अशा अनेक साधनांत दोन प्रकारच्या नोंदी असतात आणि त्यांतील भेद शिकवणे अगत्याचे आहे. पहिली नोंद अपेक्षेची : अमुक मॉड्यूल, अमुक आवृत्ती किंवा तिच्याशी सुसंगत अशी नवी. दुसरी नोंद वास्तवाची : प्रत्यक्षात बसवलेली नेमकी आवृत्ती, तिच्या मागून आलेली सर्व अप्रत्यक्ष मॉड्यूल आणि प्रत्येकाची ओळख पटवणारा हॅश. या दुसऱ्या नोंदीला लॉक फाइल म्हणतात. रुबी भाषेच्या बंडलरने ती २०१० च्या सुमारास रूढ केली आणि एन.पी.एम.मध्ये ती २०१७ साली आपोआप तयार होऊ लागली. केवळ पहिली नोंद ठेवल्यास जानेवारीत विकसित केलेला प्रकल्प एप्रिलमध्ये दुसऱ्या यंत्रावर बसवताना वेगळ्या आवृत्त्या येऊ शकतात. विकास आणि वापर यांतील सुसंगती दुसऱ्या नोंदीमुळे साधते.

मात्र नोंद म्हणजे सर्वस्व नव्हे. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे मॉड्यूल त्याच्या कर्त्याने एन.पी.एम.च्या भांडारातून काढून घेतले. त्यावर थेट वा अप्रत्यक्ष विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांची उभारणी जगभर काही तास खोळंबली. आवृत्ती नेमकी लिहिलेली असली तरी त्या आवृत्तीची प्रत उपलब्ध नसेल तर उभारणी थांबते, हा त्याचा धडा. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या ‘लॉग४जे’ या मॉड्यूलात गंभीर सुरक्षादोष उघडकीस आला. तेव्हा दुरुस्तीआधी संस्थांना शोधावे लागले, ते हे मॉड्यूल आपल्याकडे कोठे कोठे आहे याचे उत्तर. अनेक ठिकाणी ते दुसऱ्याच मॉड्यूलाच्या आडून आलेले होते. भारतात सर्ट-इन या शासकीय यंत्रणेने सॉफ्टवेअरमधील घटकांच्या यादीविषयी ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. वापरलेल्या घटकांची यादी ही आता केवळ चांगली सवय राहिलेली नाही. संस्थांकडून ती अपेक्षिली जाऊ लागली आहे.

यांत्रिक अनुकरणाचा धोकाही येथे नोंदवला पाहिजे. आभासी वातावरण न करता संगणकावरील सर्व पायथन मॉड्यूलांची यादी काढून जोडली, तर तीत प्रकल्पाशी संबंध नसलेली शेकडो नावे येतात. अशी यादी लांब असते, पण तिच्यावरून प्रकल्पाला खरोखर काय लागते ते कळत नाही. आवश्यकतांचे पान जसे एका ब्लॅक बुकमधून दुसऱ्यात उतरते, तशीच ही यादीही उतरू लागेल. म्हणून यादी मागणे पुरेसे नाही, यादी वापरून पाहणे आवश्यक आहे.

६. नगरप्रशासनातील एक निकटचा दाखला

अवलंबनाचा प्रश्न विद्यार्थ्यांच्या प्रकल्पापुरता मर्यादित नाही, हे याच परिसरातील एका उपक्रमावरून ध्यानी येते. १९८३ साली स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने शतकाच्या वळणावर ए.बी.एम. नॉलेजवेअर या कंपनीच्या साहाय्याने ई-गव्हर्नन्स प्रणाली उभारली. नागरी सुविधा केंद्रातून मिळणाऱ्या अनेक सेवा तिच्याशी जोडल्या गेल्या. पुढे राज्यातील इतर नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये या प्रतिमानाचा विस्तार करण्याचे धोरण शासनाने स्वीकारले.

या प्रवासाचे तात्त्विक महत्त्व मोठे आहे. एका महापालिकेसाठी तयार झालेले सॉफ्टवेअर दुसऱ्या नगरपालिकेत नेताना मूळ ठिकाणी गृहीत धरलेली प्रत्येक गोष्ट तपासावी लागते : माहितीकोशाची आवृत्ती, मराठी फॉन्ट, छपाईयंत्र, करआकारणीचे नियम, प्रभागांची रचना. यांतील शेवटच्या दोन गोष्टी मॉड्यूल नसल्या तरी अवलंबनेच आहेत. कल्याण-डोंबिवलीचे उदाहरण पाहता, २७ गावे २००२ साली महापालिकेच्या हद्दीतून वगळली गेली आणि २०१५ साली पुन्हा समाविष्ट झाली. हद्द जर आज्ञावलीच्या पोटात लिहिलेली असेल तर अशा प्रत्येक निर्णयाबरोबर आज्ञावली बदलावी लागेल. ती बाहेर, स्वतंत्र नोंदीत असेल तर नोंद बदलणे पुरेल. ‘काय गृहीत धरले आहे ते बाहेर काढून लिहा’ हे तत्त्व पदवी प्रकल्पाला आणि नगरप्रशासनाला सारखेच लागू पडते.

७. संभाव्य आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप वेळेचा. एका दिवसात अनेक विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा घ्यावयाची असताना प्रत्येक प्रकल्प नव्याने उभारून पाहणे अशक्य आहे, असे म्हटले जाईल. आक्षेप रास्त आहे, परंतु उभारणीची चाचणी व्हायव्हाच्या दिवशीच व्हावी असे नाही. ती सत्राच्या मध्यावर, विद्यार्थ्यांनीच एकमेकांची घ्यावी. एका गटाने दुसऱ्या गटाचा प्रकल्प, कर्त्याला काहीही न विचारता, केवळ लेखी सूचनांच्या आधारे कोऱ्या वातावरणात उभा करावा आणि कोठे अडले ते लिहून द्यावे. परीक्षकाने तो अडथळ्यांचा कागद आणि त्यानंतर झालेली दुरुस्ती पाहावी.

दुसरा आक्षेप साधनांचा. प्रयोगशाळेतील इंटरनेट मंद असते आणि परीक्षेच्या वेळी ते बंदही ठेवले जाते. यावर उपाय म्हणजे लागणाऱ्या मॉड्यूलांच्या प्रती महाविद्यालयाच्या स्थानिक सर्व्हरवर साठवणे. त्यासाठी वेगळ्या खर्चाची फारशी गरज नाही. ‘लेफ्ट-पॅड’सारख्या प्रसंगापासून संरक्षण हा त्याचा आणखी एक लाभ. ग्रंथालय पुस्तकाची प्रत जतन करते, त्याच न्यायाने विभागाने मॉड्यूलाची प्रत जतन करावी.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पदवीच्या विद्यार्थ्याने मूलतत्त्वे शिकावीत, बदलत्या साधनांचे तपशील नोकरीत आपोआप कळतात, असा तो आहे. साधनांची नावे बदलतात हे खरे. परंतु गृहीतके प्रकट करणे आणि दुसऱ्याला पडताळता येईल असे काम करणे, ही साधने नव्हेत. ती विज्ञानाची मूलतत्त्वेच आहेत. रसायनशास्त्राच्या प्रयोगवहीत द्रावणाची तीव्रता लिहिण्याची सक्ती असते, ती बाटली कोणत्या कंपनीची आहे हे शिकवण्यासाठी नव्हे.

तयार प्रकल्प विकत मिळतात, हेही येथे विसरता येत नाही. विक्रेता सॉफ्टवेअर विद्यार्थ्याच्या यंत्रावर बसवून देतो, काही प्रश्नोत्तरे पाठ करून घेतो आणि प्रात्यक्षिक निभावते. ‘चालवून दाखवा’ ही कसोटी या व्यवहाराला रोखू शकत नाही, कारण विकत घेतलेली वस्तूही चालते. ‘कोऱ्या यंत्रावर उभा करा आणि प्रत्येक मॉड्यूल कशासाठी आहे ते सांगा’ ही कसोटी लावल्यास तो व्यवहार बराच अवघड होईल.

८. निष्कर्ष

ब्लॅक बुक टाकून द्यावे असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. त्यात एका पानाची भर घालावी आणि त्या पानाची परीक्षा घ्यावी, इतकीच सूचना आहे. त्या पानावर प्रकल्पाने थेट घेतलेली मॉड्यूल, त्यांच्या आवृत्त्या, परवाने, प्रत्येकाचे प्रयोजन आणि कोऱ्या यंत्रावरील उभारणीचा क्रम असावा. लॉक फाइल अहवालात छापण्याची गरज नाही, ती आज्ञावलीबरोबर सादर व्हावी. उभारणी करून पाहणाऱ्या दुसऱ्या गटाची स्वाक्षरीही त्या पानावर असावी.

स्वायत्त महाविद्यालयांना हा बदल मूल्यमापनाच्या स्वतःच्या आराखड्यात करता येईल. संलग्न महाविद्यालयांनाही विभागपातळीवर तो सुरू करण्यास अडचण नसावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या अभ्यासक्रमांत प्रकल्प आणि कार्यस्थळावरील प्रशिक्षण यांना श्रेयांक लाभले असल्याने त्याची निकड वाढली आहे. आज बांधीव अहवाल विभागाच्या कपाटात जातात. त्यांतील किती प्रकल्प पाच वर्षांनंतर पुन्हा उभे करता येतील, हा प्रश्न प्रत्येक विभागाने आपल्या कपाटापुरता विचारून पाहण्यासारखा आहे. पुन्हा उभा करता येणाऱ्या प्रकल्पावर पुढील वर्षीचा विद्यार्थी काम चालू करू शकतो आणि मग त्याला त्याच ग्रंथालय-व्यवस्थापनाचा, त्याच हजेरीपटाचा प्रकल्प पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहावा लागत नाही.